खळीच्या मोठ्या टाकीला मोटार किती हॉर्सपॉवरची?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत सायझिंगचा कारखाना हा सर्व धंद्याचा गळा असतो. ताण्याच्या सुताला खळ चढली नाही तर ते फणीत आणि हिल्डमध्ये घासून तुटते आणि माग चालत नाही. एका सायझिंगवर अनेक यंत्रमागधारकांचे बीम अवलंबून असतात. तेथील खळ शिजवणारी टाकी एक दिवस बंद पडली, तर बीम थांबतात, माग थांबतात आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराच्या घरची त्या दिवसाची कमाईही थांबते. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते, "मोटार जळाली."

मोटार जळाली की आपल्याकडे दोनच उपाय सुचवले जातात. वाइंडिंगवाला म्हणतो, भरून देतो, पुन्हा लावा. विकणारा म्हणतो, पाचाऐवजी साडेसातची घ्या, नाहीतर सरळ दहाचीच घ्या, मग चिंता नको. टाकीत काय शिजते, पंखा केवढा आहे, तो मिनिटाला किती फेरे घेतो, हे कोणी विचारत नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातले, इंजिनिअर नव्हे. परंतु सायझिंगवाल्यांशी रोजचा व्यवहार असल्याने आणि तजुर्बेकार मिस्त्रींच्या सोबत बसून हिशेब केल्याने या विषयातील काही गोष्टी आम्हास कळल्या आहेत. छोटी टाकी काढून मोठी बसवण्याचा विचार करणाऱ्या बंधूंसाठी त्या येथे मांडत आहोत. साबण, रंग, मसाला किंवा कापड छपाईचा गोंद ढवळणाऱ्या कारखानदारांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

लिटरवरून मोटार ठरत नाही

बाजारात एक समज पक्का आहे. 500 लिटरच्या टाकीला अमुक मोटार, म्हणून 2000 लिटरच्या टाकीला तिच्या चौपट. हा हिशेब दिसायला सोपा आहे, पण चुकीचा आहे. मोटारीवर पडणारा बोजा चार गोष्टी मिळून ठरवतात: पंख्याचा व्यास, त्याचे मिनिटाचे फेरे, पंख्याचा आकार आणि टाकीतील मालाचा घट्टपणा. लिटर या यादीत नाहीत. टाकी मोठी झाली की पंखा मोठा करावा लागतो, एवढाच त्यांचा संबंध.

यासंबंधी दोन नियम ध्यानात ठेवावेत. माल पाण्यासारखा पातळ असेल आणि पंखा वेगाने घुसळत असेल, तर फेरे दुप्पट केल्यास शक्ती आठपट लागते. पंख्याचा व्यास दुप्पट केला तर बत्तीसपट लागते. माल घट्ट असेल आणि पंखा सावकाश फिरत असेल, तर फेरे दुप्पट केल्यावर शक्ती चौपट आणि व्यास दुप्पट केल्यावर आठपट लागते. घट्ट मालात आणखी एक गोष्ट होते. माल जेवढा अधिक घट्ट, तेवढी शक्ती सरळ त्याच प्रमाणात वाढते. पातळ मालात घट्टपणाचा फरक फारसा जाणवत नाही.

आता 500 लिटरची टाकी त्याच आकारात 2000 लिटरची करू. माल चौपट झाला, पण लांबी, रुंदी, व्यास प्रत्येकी सुमारे 1.59 पटच वाढले. 80 सेंटिमीटरचा पंखा 127 सेंटिमीटरचा झाला. फेरे पूर्वीचेच ठेवले तर पातळ मालाला सुमारे दहापट शक्ती लागेल आणि घट्ट मालाला चौपट. परंतु पंख्याच्या टोकाचा वेग पूर्वीइतकाच ठेवला, म्हणजे फेरे 1.59 ने भागून कमी केले, तर पातळ मालाला सुमारे अडीचपट आणि घट्ट मालाला सुमारे 1.6 पट शक्ती पुरते. टाकी तीच, लिटर तेच, पण मोटार 1.6 पट, अडीचपट, चौपट किंवा दहापट. म्हणूनच फेऱ्यांचा निर्णय आधी आणि मोटारीचा नंतर.

यावरून पुली बदलण्याची सवय किती महागात पडते हेही समजेल. ढवळणे जरा जलद व्हावे म्हणून कोणी 60 फेऱ्यांचे 75 करतो. वाढ पावपटच दिसते, पण पातळ मालात बोजा जवळजवळ दुप्पट होतो आणि घट्ट मालात दीडपटीहून अधिक. मोटार मात्र तीच राहते. मग ती जळाली म्हणून दोष वाइंडिंगवाल्याला जातो.

खळीचा सर्वांत अवघड क्षण

खळीचा घट्टपणा दिवसभर एकसारखा नसतो. मक्याचा स्टार्च थंड पाण्यात घातला की दुधासारखा पातळ असतो. तेव्हा मोटार आरामात फिरते आणि पाहणाऱ्याला वाटते की मोटार जरुरीपेक्षा मोठी आहे. वाफ सुरू झाल्यावर साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि बघता बघता माल घट्ट होतो. याच काही मिनिटांत मोटारीवर सर्वांत जास्त ओढ येते. पुढे उष्णता वाढून ढवळणे चालू राहिले की फुगलेले कण फुटतात आणि खळ पुन्हा सैल होते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांचे किंवा शिजून तयार झालेल्या खळीचे अँपिअर पाहून मोटार ठरवणे व्यर्थ आहे. माप घ्यायचे ते मधल्या अवघड क्षणाचे.

याहून वाईट प्रसंग म्हणजे शिल्लक खळ रात्रभर टाकीत राहणे. शिजलेला स्टार्च थंड झाला की जेलीसारखा थिजतो. सकाळी कामगार येऊन बटण दाबतो तेव्हा पंख्याला ही जेली फाडून निघावे लागते. आमच्या पाहण्यातील अनेक मोटारी दुपारी भर कामात जळालेल्या नाहीत, सकाळी पहिल्या बटणाला जळालेल्या आहेत. खळ उरलीच तर ती काढून टाकी धुवावी. चुकून राहिली तर आधी वाफ देऊन सैल करावी, नंतरच पंखा फिरवावा. या सवयीला पैसे लागत नाहीत आणि ती नव्या मोटारीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

आपल्याच छोट्या टाकीवर माप घ्या

पुस्तकातील सूत्रांत घट्टपणाचा आकडा टाकावा लागतो आणि तो आपल्याजवळ नसतो. प्रत्येकाची खळ वेगळी, स्टार्चचे प्रमाण वेगळे. म्हणून सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे चालू असलेल्या छोट्या टाकीवर माप घेणे.

येथे एक सावधगिरी हवी. आपले मिस्त्री टाँग टेस्टर लावून अँपिअर पाहतात. ते उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. तीन फेजची मोटार रिकामी फिरत असली तरी पूर्ण बोजाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत अँपिअर घेते. त्यामुळे कमी बोजावर अँपिअरवरून खरी शक्ती कळत नाही. त्यापेक्षा त्या मोटारीला वेगळा सबमीटर लावावा. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. घट्टपणा शिगेला पोचलेला असताना सहा मिनिटांत जेवढे युनिट पडतील, त्यांची दहापट म्हणजे किलोवॅट.

आता एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

500 लिटरची टाकी आहे. भिंतीलगत फिरणारा अँकर पद्धतीचा पंखा 80 सेंटिमीटर व्यासाचा असून मिनिटाला 48 फेरे घेतो. मोटार 3 हॉर्सपॉवरची, म्हणजे 2.2 किलोवॅटची आहे. गिअरबॉक्स वर्म पद्धतीचा, एकास तीसचा. अवघड क्षणी सहा मिनिटांत 0.22 युनिट पडले, म्हणजे मोटार 2.2 किलोवॅट वीज ओढते आहे. ही सगळी शक्ती पंख्यापर्यंत पोचत नाही. मोटारीची कार्यक्षमता 82 टक्के धरली तर तिच्यातून 1.8 किलोवॅट बाहेर पडतात. गिअरबॉक्सची 72 टक्के धरली तर पंख्यापाशी 1.3 किलोवॅट उरतात. हा आकडा आपल्या खळीचा खरा आकडा.

मोठी टाकी 2000 लिटरची, पंखा 127 सेंटिमीटरचा आणि टोकाचा वेग तोच ठेवला तर फेरे 30. घट्ट मालाच्या नियमाने 1.3 ला 1.6 ने गुणले की सुमारे 2.1 किलोवॅट होतात. पण स्टार्चच्या खळीचा स्वभाव असा की ती हळू ढवळली तर अधिक घट्ट लागते. फेरे 48 वरून 30 वर आल्याने त्यासाठी पावपट वाढ धरू. पंख्यापाशी 2.6 किलोवॅट झाले. यातून मोटार कशी काढायची, ते गिअरबॉक्सवर अवलंबून आहे.

गिअरबॉक्स शक्ती खातो

1440 फेऱ्यांच्या मोटारीवरून 30 फेरे मिळवायचे म्हणजे एकास 48 चा गिअरबॉक्स लागेल. वर्म पद्धतीचा गिअरबॉक्स स्वस्त मिळतो, पण एवढ्या प्रमाणात फेरे उतरवताना त्यात घर्षण बरेच होते. त्याची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर मोटारीने 3.7 किलोवॅट द्यावे लागतील. वर 25 टक्के राखीव ठेवले की 4.6 होतात आणि बाजारात मिळणारी त्यापुढची मोटार 5.5 किलोवॅटची, म्हणजे साडेसात हॉर्सपॉवरची. हेलिकल पद्धतीचा गिअरबॉक्स महाग असतो, पण त्याची कार्यक्षमता 95 टक्क्यांच्या आसपास असते. मग मोटारीकडून 2.74 किलोवॅट हवेत, राखीव धरून 3.4. येथे 3.7 किलोवॅटची, म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटार पुरते.

म्हणजे पाच की साडेसात, हा वाद मोटारीच्या दुकानात सुटणारा नाही. तो गिअरबॉक्सच्या दुकानात सुटतो. विजेचेही पाहावे. पंख्यापाशी सरासरी बोजा 1.3 किलोवॅट, रोज दहा तास आणि वर्षाला 300 दिवस काम धरले, तर या दोन गिअरबॉक्समध्ये वर्षाला दीड हजारांहून अधिक युनिटांचा फरक पडतो. आपल्या बिलातील दराने ते गुणावेत आणि मग स्वस्त कोणता ते ठरवावे.

हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क पाहा

पंखा फिरतो तो पिळण्याच्या जोरावर. यालाच टॉर्क म्हणतात. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला जेवढ्या किलोचा जोर लावावा लागेल, तेवढे किलो-मीटर. काढण्याची रीत सोपी आहे. किलोवॅटला 974 ने गुणून फेऱ्यांनी भागावे. आपल्या उदाहरणात पंख्याला 2.6 किलोवॅट, 30 फेऱ्यांवर, म्हणजे सुमारे 84 किलो-मीटर टॉर्क हवा. पाच हॉर्सपॉवरची मोटार 1440 फेऱ्यांवर 2.5 किलो-मीटर देते. गिअरबॉक्समुळे त्याचे 48 पट, घर्षण वजा जाता 114 किलो-मीटर होतात. हिशेब बसला.

पण हा चालू मोटारीचा हिशेब. सुरुवातीचे काय? समजा, मोटार डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना पूर्ण बोजाच्या दुप्पट टॉर्क देते, तर पंख्यापाशी 228 किलो-मीटर मिळतील. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की सुरुवातीचा टॉर्क एक तृतीयांशच राहतो, म्हणजे 76. घट्ट झालेल्या खळीला 84 हवेत. पंखा हलणार नाही, मोटार गुरगुरत तापेल, आणि दोष मोटारीला जाईल. स्टार-डेल्टा हा रिकामे किंवा हलके सुरू होणाऱ्या यंत्रासाठी चांगला, थिजलेल्या खळीसाठी नव्हे.

व्होल्टेजचाही यात मोठा वाटा आहे. व्होल्टेज पडले की टॉर्क वर्गाच्या प्रमाणात पडतो. 415 च्या जागी 350 व्होल्ट मिळाले तर टॉर्क 71 टक्केच उरतो. दुपारी व्होल्टेज पडणाऱ्या वस्तीत राखीव जोर धरताना हे विसरू नये.

आता अनेक जण ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी लावतात. फेरे हवे तसे कमीजास्त करता येतात आणि सुरुवात मऊ होते, हे फायदे खरे आहेत. परंतु ड्राइव्हने मोटार 25 हर्ट्झवर, म्हणजे निम्म्या वेगाने चालवली तर पाच हॉर्सपॉवरची मोटार अडीचच हॉर्सपॉवर देऊ शकते. शिवाय मोटारीचा स्वतःचा पंखाही निम्म्या वेगाने फिरत असल्याने ती नीट थंड होत नाही. फार वेळ हळू चालवायचे असेल तर वेगळ्या पंख्याची मोटार घ्यावी आणि ड्राइव्ह जड कामासाठी दर्शवलेला मागावा.

मोठी मोटार म्हणजे सुरक्षितता नव्हे

कोणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला, पंधरा हॉर्सपॉवरची लावून टाकू. यात तीन नुकसाने आहेत. एक, कमी बोजावर मोठ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर घसरतो, कार्यक्षमता उतरते आणि कपॅसिटर वाढवावे लागतात. दोन, पूर्वी पंखा अडकला की छोटी मोटार थांबायची आणि रिले पडायचा. आता तिप्पट ओढीची मोटार थांबत नाही. ती गिअरचे दात तोडते किंवा शाफ्ट पिळून टाकते. मोटार भरायला एक-दोन दिवस लागतात, गिअरबॉक्स यायला त्याहून अधिक. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, कामगाराचा हात किंवा कपडा सापडला तर मोठी मोटार त्यासाठी अडत नाही.

म्हणून मोटार केवढीही असो, टाकीला झाकण हवे आणि झाकण उघडताच मोटार बंद पडेल असा स्विच हवा. टाकी धुण्यासाठी माणूस आत उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात असावी. नुसते "कोणी बटण दाबू नका" असे ओरडून सांगणे पुरेसे नाही.

खरेदीपूर्वी लिहून घ्या

पुढील गोष्टी कागदावर लिहून विकणाऱ्यापुढे ठेवाव्यात:

1. टाकीचा व्यास आणि खळीची उंची.
2. पंख्याचा प्रकार, व्यास आणि मिनिटाचे फेरे.
3. खळीत घन मालाचे प्रमाण आणि सर्वांत घट्ट वेळी सबमीटरवर घेतलेले माप.
4. सुरुवात रिकामी की भरलेल्या टाकीने, आणि स्टार्टर कोणता.
5. आपल्याकडे दुपारी मिळणारे सर्वांत कमी व्होल्टेज.
6. गिअरबॉक्सची कार्यक्षमता आणि तो किती टॉर्क सोसेल. ढवळण्याच्या कामाला मोटारीकडून मिळणाऱ्या टॉर्कच्या दीडपट सोसणारा घ्यावा. आपल्या उदाहरणात सुमारे 170 किलो-मीटर.

मोटारीच्या पट्टीवर आयपी 55 आणि इन्सुलेशन क्लास एफ पाहावा, कारण सायझिंगच्या खोलीत वाफ आणि ओल कायम असते. आयई 2 किंवा आयई 3 दर्जाची मोटार विजेत बचत देते. पुनःपुन्हा भरलेली जुनी मोटार स्वस्त मिळाली तरी तिची कार्यक्षमता बहुधा उतरलेली असते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पट्टीवरील अँपिअरएवढाच लावावा. तो वारंवार पडतो म्हणून वर चढवून ठेवणे म्हणजे रखवालदाराला झोपवून दुकान उघडे टाकणे. एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारा रिलेही अवश्य बसवावा. त्याची किंमत एका वाइंडिंगच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

कापड घेताना आपण ताग्याचे वजन पाहतो, ताण्या-बाण्याचे तार मोजतो, हात फिरवून खळ ओळखतो. विकणाऱ्याच्या शब्दावर गाठोडे उचलत नाही. मोटार घेताना मात्र तेच आपण दुसऱ्याच्या अंदाजावर हजारो रुपये मोजतो. एक सबमीटर, एक मोजपट्टी, फेरे मोजायला घड्याळ आणि खळीच्या एका घाणीपुरता वेळ, एवढे खर्चले तर हा अंदाज आपल्या हिशेबात बदलतो. टाकी मोठी करण्याआधी एकदा हे माप घ्यावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.